ज्ञानूची दुधाची दाढ

स्मिता : आणि मला कळलं कधी? बुधवारी. इथे, याच दवाखान्यात. डॉक्टर ज्ञानूच्या तोंडात आरसा घालून बघतायत आणि मला विचारतायत, "वरची डावीकडची दाढ कुठे भरून घेतलीत हो? काम छान झालंय." सहा वर्षांच्या पोरीच्या दाढेत सिमेंट भरलेलं आणि आईला पत्ता नाही!

मोनाली : ताई, जरा हळू. ती ऐकेल.

स्मिता : काचेच्या पलीकडे आहे ती. कार्टून लागलंय, आता भूकंप झाला तरी मान वळवणार नाही. आणि मला ताई म्हणू नका.

मोनाली : मग काय म्हणू?

स्मिता : स्मिता म्हणा. मी तुम्हाला मोनालीच म्हणते ना? तुम्ही सुयशशी लग्न केलंत, माझ्याशी नातं नाही जोडलंत.

मोनाली : बरं.

स्मिता : तो कुठाय?

मोनाली : जासईला, यार्डात. आज कंटेनर आत घ्यायचा शेवटचा दिवस आहे, गेटवर गाड्यांची लाईन लागलीय. मला बोलला, तू जा, पोरीनं तुझंच नाव घेतलंय.

स्मिता : असं म्हणाला? "तुझंच"?

मोनाली : म्हणजे तसं नाय. तुमीच त्याला फोनवर बोललात ना, की ज्ञानूला मोनाली पायजे.

स्मिता : बोलले. दात-ओठ खाऊन बोलले. काय करणार? बुधवारी खुर्चीत बसवली तर ट्रे उडवला, डॉक्टरांच्या बोटाला चावली. मी धरायला गेले तर हे बघा.

मोनाली : बाप रे. तिचीच नखं?

स्मिता : मग कोणाची? मनगटापासून कोपरापर्यंत. रोज लांब बाह्यांचा कुडता घालून जातेय ऑफिसला. महाप्याला कँटीनमध्ये बाही वर केली तर विचारतात, मांजर पाळलंस का घरी. आणि एवढा गोंधळ घालून झाल्यावर हुंदके देत मला काय म्हणाली माहितीये? "मोनालीबरोबर गेले होते तेव्हा मी रडले पण नव्हते."

मोनाली : खरंच नव्हती रडली.

स्मिता : मला सर्टिफिकेट नकोय त्याचं!

मोनाली : नाय, मी आपलं...

स्मिता : कधी नेलंत तिला? सगळं सांगा. पहिल्यापासून.

मोनाली : गणपती झाल्यानंतरचा शनिवार होता. जेवताना ती एकाच बाजूनं चावत होती. पोळीचा घास घ्यायची आणि जिभेनं उजवीकडं ढकलायची. मी बोलले, दुखतं का गं? तर नाय बोलली. सकाळी मी चहाला उठले तर ही गॅलरीत खुर्चीवर बसलेली. गालाखाली हात. काय आवाज नाय, काय नाय. बोलली, झोप झाली माझी. गाल बघितला तर गरम.

स्मिता : आणि सुयश?

मोनाली : तो बोलला, दुधाचा दात आहे, पडेल आपोआप.

स्मिता : त्याचं सगळं आपोआपच होतं. मुलगीसुद्धा आपोआपच मोठी होतेय.

मोनाली : मी तरी नेलं. खारघरला आमच्या बिल्डिंगच्या समोरच डॉक्टर बसतात, रविवारी पण असतात. ते बोलले, ही दाढ पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत. आता सोडून दिली तर आत पू होईल, आणि वर जी पक्की दाढ तयार होतेय तिला पण त्रास. कीड काढली आणि तिथंच भरून दिली.

स्मिता : आणि मला एक फोन करावासा वाटला नाही.

मोनाली : वाटला.

स्मिता : मग?

मोनाली : सुयश बोलला, राडा होईल.

स्मिता : सुयशला बाजूला ठेवा. तुम्ही.

मोनाली : मी करणार होते. खरंच. फोन काढला पण होता पर्समधून. पण ज्ञानूच बोलली, नको सांगू.

स्मिता : कोण?

मोनाली : ज्ञानू. दवाखान्यातनं खाली उतरताना.

स्मिता : म्हणजे सहा वर्षांची मुलगी म्हणाली आईपासून लपव, आणि तुम्ही लपवलंत. का म्हणाली ती असं?

मोनाली : जाऊ द्या ना.

स्मिता : का म्हणाली?

मोनाली : तुमाला लागेल.

स्मिता : आता काय कमी लागतंय?

मोनाली : बोलली, "आई म्हणेल पप्पांकडे गेल्यामुळे माझा दात किडला. मग ती मला पाठवणार नाही."

स्मिता : असं म्हणाली.

मोनाली : हा.

स्मिता : बघा. म्हणजे तिच्या लेखी मी कोण? सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. सोडणार की नाही सोडणार, एवढाच माझा संबंध.

मोनाली : लहान आहे ती. लहान पोरं काय पण बोलतात.

स्मिता : काय पण नाही बोलली. बरोबर बोलली. मी अगदी हेच म्हटलं असतं. बुधवारी इथून बाहेर पडले तेव्हाच ठरवलं होतं, वकीलबाईंना सांगायचं, हे शनिवार-रविवार बंद करा.

मोनाली : सांगितलंत?

स्मिता : अजून नाही. आज इथलं आटपलं की सांगणार होते.

मोनाली : ती सुयशची मुलगी आहे, स्मिता. माझ्यावरचा राग त्या दोघांवर नका काढू. पायजे तर मी शनिवारी माहेरी जाऊन बसेन. कोपरखैरणं काय लांब नाय.

स्मिता : वा, म्हणजे मी आणखी वाईट ठरेन. "आईनं मोनालीला घालवलं." काय खायला घालता तिला तिकडे?

मोनाली : जेवण.

स्मिता : वरण-भातानं दाढा नाही किडत.

मोनाली : रविवारी चॉकलेट असतं एक, सुयश आणतो. मी नाय बोलत नाय. पण ते खारघरचे डॉक्टर विचारत होते, रात्री ब्रश झाल्यावर दूध पिते का, गोड. मी बोलले, माझ्याकडं नाय पीत.

स्मिता : म्हणजे माझ्याकडे पिते.

मोनाली : तसं नाय बोलले मी.

स्मिता : पिते. साखर घातलेलं. तुम्ही न बोलता बोलता, मोनाली, तुमचं ते बरं आहे. पाळणाघरातून तिला घेऊन घरी पोचेपर्यंत दिवस संपलेला असतो. कुकर लाव, होमवर्क बघ, डबा धू. मग ती पेला घेऊन माझ्या मांडीवर येते आणि दूध पिता पिता झोपते. तेवढीच काय ती मला मिळते. या डॉक्टरांनी बुधवारी सांगितलं, ते बंद करायचं. मी हो म्हटलं आणि घरी जाऊन पुन्हा दिलं.

मोनाली : माझ्याकडं ती मांडीवर येत पण नाय.

स्मिता : ती वेणी तुम्ही घालता ना?

मोनाली : कुठली?

स्मिता : डोक्याला घट्ट बसलेली, कपाळापासून निघालेली. दर रविवारी संध्याकाळी मिरवत येते घरी.

मोनाली : सागरवेणी. सोपी असते, मी तुमाला दाखवते...

स्मिता : दाखवू नका. व्हिडिओ बघून शिकले मी. आधी तिच्या बाहुलीवर करून बघितली, मग तिच्या केसांवर. आरशात बघून म्हणाली, "छान आहे आई, पण तशी नाही." रविवारची वेणी मला सोडू देत नाही. सोमवारी शाळेत तीच घालून जाते, मोनालीनं घातलीय म्हणून. एका रविवारी ती झोपल्यावर मी बसले आणि सोडली. एकेक पेड. सकाळी तिला म्हटलं, झोपेत सुटली वाटतं.

मोनाली : तिला कळलं असेल.

स्मिता : कळलंच असणार. केसांवरून नुसता हात फिरवला. एवढीशी पोर मला सांभाळून घेते, सांगा आता. नवरा गेला तेव्हासुद्धा मी इतकी खाली उतरले नव्हते हो. तुम्ही आलात ते आमचं मोडल्यानंतर, मला माहितीये, त्यात तुमचा काही दोष नाही. सुयश घ्या, त्याचं घर घ्या, त्याची ती घोरण्याची सवय घ्या. पण ही? ही माझी आहे. हिच्यातलं तुम्हाला कशाला हवं?

मोनाली : मी काय घेतलं?

स्मिता : तेच तर कळत नाहीये मला. काय घेतलंत ते.

डॉ. क्षिप्रा : स्मिता, चला, घ्यायचं का आता? ज्ञानेश्वरीबाई आपणहून खुर्चीत जाऊन बसल्यात, बटण दाबून वर-खालीही करून झालंय. बरोबर कोण येतंय? खोली लहान आहे, एकीलाच घेऊ शकेन.

स्मिता : मी तिची आई आहे.

डॉ. क्षिप्रा : हो, आपण बुधवारी भेटलोय ना. माझं बोट अजून सुजलेलं आहे.

स्मिता : सॉरी, डॉक्टर.

डॉ. क्षिप्रा : अहो, चालायचंच. हे बघा, आज तीन दाढा आहेत. बुधवारसारखं झालं तर हॉस्पिटलमध्ये नेऊन, पूर्ण भूल देऊन करावं लागेल. इतक्या लहान मुलीला ते टाळता आलं तर बरं. म्हणून विचारते, कोण येतंय?

स्मिता : तिला विचारलंत?

डॉ. क्षिप्रा : विचारलं.

स्मिता : काय म्हणाली?

डॉ. क्षिप्रा : मोनाली म्हणाली.

मोनाली : तुमी जा, स्मिता. मी थांबते हितं. ती बोलेल तसं काय आपण...

स्मिता : तुम्ही जा.

मोनाली : पण...

स्मिता : जा म्हटलं ना! चपला इथे काढा. डॉक्टर, दार थोडं उघडं राहिलं तर चालेल का?

डॉ. क्षिप्रा : चालेल की. फटीएवढं ठेवते. ऐकू येईल तुम्हाला सगळं.

(दार किलकिलं राहतं. स्मिता बाकावर बसून आहे; पुढचं बोलणं दाराच्या आतून येतं.)

डॉ. क्षिप्रा : हं, तर हा माझा शॉवर. आधी तुझ्या नखाला अंघोळ घालू. गार लागलं?

ज्ञानू : गुदगुल्या झाल्या.

डॉ. क्षिप्रा : आणि ही सोंड. पाणी सांडलं की ही पिऊन टाकते. ऐक आवाज. सुर्रऽऽ.

ज्ञानू : मोनाली, तू त्या स्टुलावर बस.

मोनाली : हितं? हात धरू का?

ज्ञानू : नको.

डॉ. क्षिप्रा : वा! शहाणी मुलगी. आता मगर कशी तोंड उघडते? आऽऽ. अजून मोठी मगर. अस्सं. आत किडोबा बसलेत ठाण मांडून, त्यांना शॉवरनं पळवू या. बघ, एक पळाला. तो म्हणतोय, अगं आई गं, माझं अंथरूण भिजलं!

ज्ञानू : हॅ हॅ हॅ!

डॉ. क्षिप्रा : हसू नकोस, पाणी नाकात जाईल. मान सरळ. छान. ही भरून झाली, आता हिच्या शेजारची. दुखलं तर डावा हात वर करायचा, मी थांबेन. ठीक आहे? मोनाली, फार गुणाची आहे हो ही.

मोनाली : हो.

डॉ. क्षिप्रा : झाल्या दोन. आता तिसरीचा फोटो काढायचा, त्या वेळी खोलीत बाकी कोणी नको. तुम्ही जरा बाहेर बसता?

मोनाली : (बाहेर येऊन) दोन झाल्या, स्मिता.

स्मिता : ऐकलं. हसत होती.

मोनाली : हा.

स्मिता : बुधवारी त्याच खुर्चीत मला "तू वाईट आहेस" म्हणत होती. काय करता तुम्ही नेमकं? मला सांगाच. कानात काही सांगता? काही कबूल करता आधीच? बाहुली, आईस्क्रीम?

मोनाली : काय पण नाय करत.

स्मिता : काहीतरी असणारच.

मोनाली : स्टुलावर बसते. हात धरू का विचारते. ती नको बोलते. संपलं. खारघरला पण तसंच झालं. मी हात पुढं केला तर तिनं आपल्या फ्रॉकची कड धरली, अशी मुठीत. शेवटपर्यंत सोडली नाय. ते डॉक्टर बोलले, किती धीट आहे तुमची मुलगी. मला पण बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, "तुमची मुलगी" बोलले त्याचं तर जास्तच वाटलं. घरी येऊन भांडी घासत होते, तेव्हा डोक्यात आलं.

स्मिता : काय आलं?

मोनाली : माझा भाऊ लहान होता, तेव्हा आईचं ऑपरेशन झालेलं. मग त्याला साताऱ्याला आत्याकडं ठेवला. आत्या सगळ्यांना सांगायची, काय गुणाचं पोर आहे, ताटात काय टाकत नाय, हट्ट नाय, रडणं नाय. नंतर पप्पा त्याला घेऊन आले. कोपरखैरण्याला गाडीतनं उतरला, समोर आई दिसली, आणि तिथंच रस्त्यात लोळण घेतली त्यानं. चप्पल फेकून मारली आईला. पाहुण्यांच्या घरी पोरं शहाणीच असतात, स्मिता.

स्मिता : ती काही पाहुणी नाही तुमच्याकडे. दर आठवड्याला येते.

मोनाली : दर आठवड्याला येणारी पाहुणी. भाजी कशी झालीय विचारलं की "छान". पाणी प्यायचं असलं तरी विचारते, "मी घेऊ का?" पेला सांडला तर माझ्याकडं असं बघते ना, की मला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं. मी ओरडले नाय कधी तिला, शपथ. तरी. आणि रात्री ब्रश करताना बोलते, "आई असं नाय करत, आई गोल गोल करते." मग मी गोल गोल करते. मग बोलते, "आईचं मऊ असतं."

स्मिता : मला नाही कधी असं काही म्हणाली. माझ्याकडे तर ब्रश घेऊन मागे धावावं लागतं. पलंगाखाली जाऊन बसते.

मोनाली : तेच. माझ्याकडं एकदा बसू दे ना पलंगाखाली.

स्मिता : तुम्ही थट्टा करताय माझी?

मोनाली : थट्टा नाय. मघाशी तुमी हात दाखवलात ना, त्यावरचे ओरखडे? तुमी चिडून दाखवलेत, आणि मला ते बघून जळलं आत. माझ्या अंगावर एक नाय तिचं नख. एक पण नाय.

स्मिता : ओरखड्यांवर जळता?

मोनाली : हा.

स्मिता : वेड्या आहात.

मोनाली : असेन. तुमी नाय का वेणीवर जळलात?

डॉ. क्षिप्रा : जरा उठता का दोघी? तिसरी दाढ खोल गेलीय. फोटोत दिसतंय, कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचलीय. ती जागा बधिर करूनच साफ करावी लागेल. म्हणजे सुई. मी सुई हा शब्दसुद्धा काढलेला नाही, झोपेचं पाणी म्हटलं, पण तिच्या लक्षात आलंय.

स्मिता : रडतेय?

डॉ. क्षिप्रा : नाही ना. तीच पंचाईत आहे. डोळ्यांत टिपूस नाही. तोंड गच्च मिटलंय, बोलत नाही, हात गार पडलेत. असं गोठलेलं मूल मला चालत नाही. त्यापेक्षा बुधवारची ज्ञानू परवडली. रडणाऱ्या मुलाचं तोंड निदान उघडं तरी असतं.

मोनाली : ऐकलंत? जा तुमी.

स्मिता : तिनं तुम्हाला बोलावलं होतं.

मोनाली : शहाणं राहायला बोलावलं होतं. ते झालं. आता मी आत गेले तर ती तशीच बसेल, मुठी आवळून. जा ना ताई, पोर गार पडलीय तिकडं.

स्मिता : पर्स धरा माझी.

डॉ. क्षिप्रा : ज्ञानेश्वरी, बघ कोण आलंय.

स्मिता : ज्ञानू.

ज्ञानू : तू का आलीस?

स्मिता : आले अशीच. इकडे बघ. किती गार झालेत गं हात.

ज्ञानू : मी रडत नाहीये.

स्मिता : दिसतंय मला. पण रडलीस तरी चालेल.

ज्ञानू : डॉक्टर मला शहाणी मुलगी म्हणाल्या.

स्मिता : ते त्या दोन दाढांपुरतं होतं. या दाढेला रडलेलं चालतं. हो ना हो, डॉक्टर?

डॉ. क्षिप्रा : चालतं काय, या दाढेला माझ्याकडे सगळेच रडतात. मागच्या आठवड्यात एका पोलीसकाकांचा मुलगा रडला.

ज्ञानू : आई.

स्मिता : हं?

ज्ञानू : आई, मला घरी जायचंय. आई, मला नको ते. आई! मला नको! मला सुई नको!

स्मिता : हो गं राणी. हो. ये, डोकं इथे ठेव.

डॉ. क्षिप्रा : सुरेख. असंच मोठं तोंड. ओरड, अजून ओरड, मला छान दिसतंय. आई, दोन्ही हात तुमच्या हातात घ्या.

स्मिता : घेतलेत. मार नखं, ज्ञानू, मार. माझ्याकडे बघ.

ज्ञानू : तू वाईट आहेस!

स्मिता : आहे. तोंड उघड.

ज्ञानू : आऽऽई!

डॉ. क्षिप्रा : संपलं. सुई गेली आणि आलीसुद्धा. आता गाल झोपेल, मग मी त्या दाढेला शांतपणे साफ करते. रडायचं असेल तर रडत राहा, मला अडचण नाही.

स्मिता : रडेल ती. मी आहे इथेच.

डॉ. क्षिप्रा : मोनाली, घ्या, बाहेर आणली तुमची फौज. नस साफ केली, औषध भरलं, वर फिलिंग केलंय. पुढच्या आठवड्यात त्या दाढेवर छोटी टोपी बसवू. दोघीही नीट ऐका. खालचा ओठ दोनेक तास बधिर राहील. तोपर्यंत खायला काही नाही. आणि मुलांना गंमत वाटते, ओठ चावत बसतात, रक्त येईपर्यंत कळत नाही. नजर ठेवायची. बधिरपणा उतरला की जरा दुखेल, त्याचं औषध लिहून दिलंय. आणि रात्रीचं गोड दूध बंद. ब्रशनंतर फक्त पाणी.

स्मिता : हो, डॉक्टर.

डॉ. क्षिप्रा : मागच्या वेळीही हो म्हणाला होतात.

स्मिता : या वेळी खरंच.

ज्ञानू : आई, माझा ओथ कुथे गेला?

स्मिता : आहे की जागेवर. हात लावून बघ.

ज्ञानू : जादा झालाय. मोनाली, बघ ना, केवधा जादा.

मोनाली : बघू? अगं हो, वडापावाएवढा झालाय.

ज्ञानू : मी खूप ओरदले. तुला ऐकू आलं?

मोनाली : मला? पाम बीच रोडवरच्या गाड्या थांबल्या.

ज्ञानू : आई, उचल मला.

स्मिता : ये. अगं, चपला तरी घाल. राहू दे, ये तशीच.

मोनाली : ही घ्या तुमची पर्स. मी निघते. सुयशला सांगते, आज ज्ञानू नाय येत.

स्मिता : का?

मोनाली : बघा ना, कशी चिकटलीय तुमाला. आज तिला तुमीच पायजे.

स्मिता : मलाही ती हवीय. खरं सांगू? तुमच्यासमोरून अशी कडेवर घेऊन, रिक्षात बसवून न्यावीशी वाटतेय. तुम्ही बघत असताना.

मोनाली : मग न्या की. मी काय बोलले?

स्मिता : आणि उद्या पुन्हा कुठे दुखलं तर? ती सांगेल मला? सांगितलं की शनिवार गेला, हे पक्कं बसेल तिच्या डोक्यात. गालाखाली हात घेऊन बसेल गप्प. माझ्या घरातसुद्धा. ज्ञानू, ए ज्ञानू, मान वर कर. आज काय वार?

ज्ञानू : शनिवार.

स्मिता : मग? पप्पांकडे जायचं ना?

ज्ञानू : दात किदला तरी?

स्मिता : दात किडला तरी.

ज्ञानू : तू रागावनार नाहीस?

स्मिता : नाही.

ज्ञानू : मोनालीवर पन?

स्मिता : थोडी रागावेन. पण तुला पाठवेन.

मोनाली : ये ज्ञानू, हळू उतर. हात देतेस? नको? बरं, माझी ओढणी धर, रस्ता ओलांडायचाय. तिची बॅग, स्मिता?

स्मिता : तिकडे, टीव्हीखाली. मी तयार करूनच आणली होती. आणली कशाला होती, मलाच ठाऊक नाही. औषधाची चिठ्ठी पुढच्या कप्प्यात टाकलीय. मोनाली.

मोनाली : हा?

स्मिता : गाडीत झोपेल ती. उठली की दुखायला लागेल. मग रडेल, आजच्यासारखी. लगेच मला फोन लावू नकोस.

मोनाली : मग काय करू?

स्मिता : जवळ घे. ढकलेल, मारेल. सोडू नकोस.

मोनाली : आणि नाय थांबली तर?

स्मिता : थांबते. थोडा वेळ लागतो तिला.